खाली गिरणी, वर नोकरी आणि तीस हजारांचे हेडफोन

लातूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. जरा लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देते:

"मी 27 वर्षांची आहे. औसा रोडच्या आत एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच काम करते. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास ग्राहकांचे फोन. खाली घरमालकांची पिठाची गिरणी आहे, शेजारी मिरची कांडायचा डंका. सकाळी नऊला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत. सध्या आठशे रुपयांचे ब्लूटूथ इअरबड्स वापरते, आवाज पूर्ण वाढवून. तरी ग्राहक म्हणतात, 'मॅडम, तुमच्याकडे मशीन चालू आहे का?' मागच्या महिन्यात पुण्याच्या ऑफिसात एका मैत्रिणीचे तीस हजारांचे हेडफोन लावून बघितले. बटण दाबलं आणि सगळं शांत झालं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. यंदा 40 हजार बोनस मिळालाय. घरी रेणापूरकडे शेती आहे. वडलांना सांगितलं तर म्हणाले, 'बाई, तेवढ्यात दोन शेळ्या येतेत.' रागाने नाही म्हणाले, पण तेव्हापासून हात आखडलाय. रात्री निवांत शास्त्रीय संगीत ऐकायची मला आवड आहे, तेही डोक्यात आहे. हल्ली संध्याकाळी कानात कुई वाजल्यासारखं होतं. घेऊ का नको?"

ताई, खरेदीचं नंतर बघू. आधी कानातली कुई.

दिवसभर आवाज पूर्ण वाढवून ऐकणाऱ्या माणसाच्या कानात संध्याकाळी कुई वाजत असेल तर ते दाखवायलाच हवं. कारण साधं असू शकतं, कानात मळ साठला तरी असं होतं. पण मोठ्या आवाजाचा मार बसत असेल तर तो वेळेत कळलेला बरा, कारण आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी असतात त्या माणसाच्या बाबतीत एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभागात दाखवा किंवा ओळखीच्या तज्ज्ञाकडे जा. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून द्या म्हणावं. ती दुखत नाही, सुई लागत नाही. हेडफोनचं पार्सल घरी येण्याआधी हे काम उरका.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक मोजमाप दिलं आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकायचं असेल तर आवाज 80 डेसिबलच्या आत असावा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्म्यावर येते: 83 ला 20 तास, 86 ला 10, आणि 90 च्या आसपास पोचलात की आठवड्याला जेमतेम 4. तुमचे ऐकण्याचे तास आठवड्याला 48 होतात. खालून गिरणीचा आवाज येतो, त्याच्या वरचढ ऐकू यावं म्हणून तुम्ही तुमचा आवाज वाढवता, आणि दोन्ही मिळून कानावर आदळतात. बाहेरचा आवाज कमी झाला तरच तुमचं बोट आवाज कमी करायच्या बटणाकडे जाईल. माझ्या मते तुमच्यासाठी हेडफोनचं खरं मोल इथेच आहे. म्हणून ही खरेदी मी हौस समजत नाही.

वडलांचंही म्हणणं मला खोटं वाटत नाही. रेणापूरच्या शेतकऱ्याला तीस हजार म्हणजे काय ते आपण त्याला शिकवायचं नाही. शेळी पुढच्या वर्षी करडं देते, हेडफोन देत नाहीत. पण तुमचं पोट ज्या कामावर चालतं ते काम कानाने आणि तोंडाने होतं, आणि त्या कामाला लागणारं साधन घेताना मुलीने मान खाली घालायचं कारण नाही. त्यांना किंमत सांगू नका आधी. सुट्टीत घरी न जाता त्यांनाच एखाद्या कामाच्या दिवशी लातूरला बोलवा आणि डंका चालू असताना तासभर तुमच्या खुर्चीवर बसवा. ते स्वतःच विचारतील, हे रोज असतं का म्हणून.

आता मुद्द्याचं. बटण दाबलं की शांत होतं ते कशामुळे, हे नीट समजलं तर तीस हजार द्यायचे का दहा, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि ती तुमच्या कानात सोडते. लहर जिथे वर जाते तिथे उलटी लहर खाली, त्यामुळे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला 1936 मध्ये अमेरिकेत याचं पेटंट मिळालं होतं. पुढे 1978 मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने गाणं ऐकू येईना म्हणून अमर बोस यांनी बसल्या जागी याचं गणित मांडायला घेतलं. बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. त्यांच्या कंपनीने 1989 मध्ये वैमानिकांसाठी असे हेडसेट विकायला आणले आणि 2000 मध्ये तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांसाठी. म्हणजे हे तंत्र मुळात एकसुरी घरघरीवरचा उतारा म्हणून जन्मलं, आणि आजही ते घरघरीवरच सगळ्यात चांगलं चालतं.

त्यामागे कारण आहे. आवाज जितका खर्जातला तितकी त्याची लहर लांब. 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, 3000 हर्ट्झची जेमतेम 11 सेंटिमीटर. लांब लहरीशी जुळवून उलटी लहर बनवायला सवड मिळते. आखूड लहरीत जराशी वेळ चुकली की सगळं फिसकटतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून गिरणीच्या मोटारीची गुणगुण मुख्यतः 100 हर्ट्झच्या आसपास असते. पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर त्यात मिसळते, पण एकंदरीत तो एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज आहे. उन्हाळ्यातला कूलरही तसाच. हे आवाज असे हेडफोन बऱ्यापैकी गिळतात.

डंक्याचं मात्र तसं नाही. त्याचे ठोके एकदम येतात, थांबतात, पुन्हा येतात. ते पूर्ण जातील अशी आशा धरू नका, तीस हजार मोजले तरी. गल्लीतल्या पोरांचा ओरडा, भांड्याचा आवाज, दुचाकीचा हॉर्न हेही मधूनमधून येतच राहणार. महागड्या हेडफोनमध्ये माइक जास्त असतात, चिप चांगली असते, माणसांच्या बोलण्याचा आवाज ते अधिक दाबतात. विमानात, ट्रॅव्हल्सच्या गाडीत किंवा गजबजलेल्या ऑफिसात हा फरक लक्षात येतो. पुण्याच्या ऑफिसात तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते एसीच्या गुणगुणीच्या आणि माणसांच्या गलक्याच्या जागी. तुमच्या खोलीत तुम्हाला छळणारा मुख्य आवाज मोटारीचा आहे, आणि त्याला दहा हजारांचा हेडफोनही चांगलाच दाबतो.

आता एक गैरसमज, जो तुमच्या पत्रात आहे आणि दुकानदारही तो मोडत नाहीत. आवाज बंद करणारे हेडफोन फक्त *तुमच्या* कानापुरते शांतता करतात. ग्राहकाला गिरणी ऐकू जाते ती माइकमधून, आणि माइकचं काम वेगळं आहे. कानाजवळच्या माइकसमोर तुमचं तोंड नसतं, ते बाजूला पडतं, आणि गिरणी त्याला सहज पोचते. त्यात ब्लूटूथची आणखी एक अडचण आहे. लॅपटॉपने हेडफोनचाच माइक वापरायला घेतला की बहुतेक हेडफोन बोलण्याच्या साध्या पद्धतीवर येतात, आणि मग येणारा आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. तीस हजारांच्या हेडफोनलाही हे चुकत नाही. नव्या ब्लूटूथमध्ये यावर उपाय आलाय, पण तो लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हींमध्ये असावा लागतो.

यावर स्वस्तातली तोड आहे. माइक वेगळा घ्या. कॉलरला लावायचा तारेचा माइक हजार-दीड हजारात मिळतो. तो हनुवटीच्या खाली वीतभराच्याही आत राहतो, त्यामुळे तुमचा आवाज ठळक जातो आणि गिरणी मागे पडते. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हा निवडा आणि ऐकण्यासाठी हेडफोन. म्हणजे हेडफोन चांगल्या पद्धतीतच राहतील. कॉलसाठी कंपनीचं जे ॲप असेल त्यात मागचा आवाज काढायची सोय असते, ती चालू आहे का तेही बघा. कंपनी माइकसकटचा हेडसेट देते का, हेही एकदा ईमेलने विचारा. दिवसाला आठ तास फोनवर बोलणाऱ्या माणसाने ते मागायला लाजू नये. लॅपटॉप कंपनीचा असेल तर बाहेरचा माइक लावायची परवानगी आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

तर माझं मत सांगते: तीस हजारांचे घेऊ नका. दहा हजारांच्या आसपासचे, कान पूर्ण झाकणारे, आवाज बंद करायची सोय असलेले हेडफोन आणि वेगळा माइक, एवढ्यात तुमचं काम भागतं.

उदाहरण द्यायचं तर सोनीचा डब्ल्यूएच-सीएच720एन. वजन 192 ग्रॅम, बाहेरचा आवाज बंद करायची सोय चालू ठेवून 35 तास बॅटरी, किंमत साधारण याच टप्प्यातली. हाच घ्या असं नाही, पण तुलनेला समोर ठेवा. त्याच कंपनीचा वरच्या किमतीतला डब्ल्यूएच-1000एक्सएम5 250 ग्रॅमचा आहे आणि त्याची बॅटरी 30 तासांची. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स 385 ग्रॅमच्या घरात जातो. दुकानात दोन मिनिटं लावल्यावर वजन जाणवत नाही, सहाव्या तासाला मान सांगते. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा, कारण चष्म्याच्या काड्यांमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि तेवढ्या फटीतून गिरणी आत येते. कानातलं मोठं असेल तर तेही आड येतं.

इअरबड्सच का नको, असं कुणी विचारेल. इतक्या तासांना ते टिकत नाहीत. लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद घसरायला लागते. महिन्याला तुमचे दोनशे तास होतात. एका चार्जवर सहा तास चालणाऱ्या इअरबड्सचे पाचशे चार्ज सव्वा वर्षात संपतील, आणि त्यांची इवलीशी बॅटरी बदलून मिळणं जवळपास अशक्य. तीस तास चालणाऱ्या मोठ्या हेडफोनला त्याच कामासाठी महिन्याला सातेक चार्ज लागतात, म्हणजे पाचशे व्हायला सहा वर्षं जातील. वयाने आणि उन्हाने बॅटरी त्याआधीही थकते. एप्रिल-मेमध्ये लातूरच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नका, सकाळी किंवा रात्री लावा.

याच तासांवर किमतीचाही हिशेब मांडा. तीन वर्षं वापरलेत तर 7200 तास होतात. तीस हजारांचे हेडफोन तासाला चार रुपयांना थोडे वर पडले, दहा हजारांचे दीड रुपयाच्या आत. चार रुपयेही तुमच्या कामाला जड नाहीत, हे मी मान्य करते. कुणी आठवड्याला दोन तास गाणी ऐकायला तीस हजार घालत असेल तर त्याला तासाला शंभरच्या आसपास पडतात, आणि त्याला मी सरळ नको म्हटलं असतं. पण तुमच्या बाबतीत वरचे वीस हजार ज्या गोष्टींसाठी जातात त्यातल्या बऱ्याच तुमच्या खोलीत वापरात येणार नाहीत.

त्यातली एक म्हणजे संगीताचा दर्जा, आणि इथे जरा थांबते, कारण ही आवड माझीही आहे. महागड्या हेडफोनच्या खोक्यावर एलडीएसी असं लिहिलेलं असतं. सोनीची ही पद्धत ब्लूटूथवरून सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते. पण तुम्ही यूट्यूबवर गाणं ऐकत असाल तर मुळात येणारी माहितीच त्याच्या कितीतरी खाली असते. विहिरीला पाणी एक इंचाचं असताना वर दहा एचपीची मोटार बसवून पाणी वाढत नाही, तसंच हे. फोन आयफोन असेल तर तो एलडीएसी मुळी वापरतच नाही.

शास्त्रीय संगीत ऐकताना तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या बायाची घुमक, गायकाच्या श्वासाची जागा ऐकू यावी असं वाटतं. त्यासाठी रात्री गिरणी बंद असते तेव्हा तारेचे इअरफोन लावून बघा. दोन-तीन हजारांचे चांगले तारेचे इअरफोन हल्ली इतके सुरेख वाजतात की मी दोन्ही लावून ऐकल्यावर तारेवाल्यांकडेच परत जाते. त्यात बॅटरी, माइक, चिप यांवर पैसे जात नाहीत, सगळे आवाज काढणाऱ्या भागावर जातात. फोनला हेडफोनची पिन नसेल तर टाइप-सीची छोटी जोडणी काहीशे रुपयांत मिळते, मात्र ती तुमच्या फोनवर चालते का हे लावून बघून घ्या. आणि संगीत शिकायला घेतलंत, घरी रेकॉर्डिंग करायचं मनात आलं, तर ब्लूटूथ विसराच. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो, सिनेमा बघताना ॲप ते सांभाळून घेतं, पण तबल्याच्या लयीला तेवढा उशीर चालत नाही.

खर्चाआधी खोलीचंही थोडं बघा. टेबल गिरणीच्या बाजूच्या भिंतीपासून दूर न्या. खिडकीच्या फटींना स्पंजाची पट्टी लावा, दाराखाली जाड कापडाची गुंडाळी. मोटारीची थरथर जमिनीतून वर येते, ती कुठलाही हेडफोन थांबवत नाही. घरमालकांशी बोलून मोटारीच्या पायाखाली रबराचे जाड तुकडे टाकून घेता आले तर बघा. एमआयडीसीतल्या कुठल्याही मेकॅनिकला हे काम नवीन नाही. भाड्याने राहणाऱ्या मुलीने घरमालकाला सांगायचं कसं, हा संकोच मला कळतो. खर्च मी देते म्हणून सुरुवात करा, बहुतेक वेळा तो द्यावा लागत नाही.

आणि उन्हाळा. कान झाकणारे हेडफोन मे महिन्यात घामाने चिकटतात, आणि कातड्यासारख्या दिसणाऱ्या गाद्या एक-दोन वर्षांत सोलायला लागतात. घेताना त्या गाद्या सुट्या मिळतात का ते विचारा. दर तासाला पाच मिनिटं काढून ठेवा, कानालाही ते बरं. कापडी खोळ चढवू नका, त्याने गादी सैल बसते आणि शांतता कमी होते. स्कुटीवर मात्र हे कधीही लावू नका, एका कानालाही नाही.

कुठून घ्यायचे? दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये आधीच्या वर्षीच्या मॉडेलची किंमत बरीच उतरते, आणि तुमची घाई तितकी नसेल तर थांबा. पण कानाची तपासणी चांगली आली नाही तर थांबू नका. गल्लीत कुणी 'फर्स्ट कॉपी' म्हणून दोन हजारांत नामांकित कंपनीचं देऊ लागलं तर हात लावू नका, तो माल बनावट असतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवा. दुरुस्तीची सोय लातूरला आहे का, नसेल तर कुरिअरचा खर्च कुणाचा, हे आधीच विचारा. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ईएमआय घेऊ नका. बिनव्याजी म्हटलं तरी त्यात प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि रोखीवर मिळाली असती ती सूट, असं काही ना काही जातंच. तुमच्याकडे बोनस हातात आहे.

घरी आल्यावर परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघून ठेवा. पहिल्याच दिवशी, गिरणी आणि डंका दोन्ही चालू असताना, लावा. मैत्रिणीला पुण्यात फोन करून तिला काय ऐकू येतं ते विचारा, एकदा हेडफोनच्या माइकवरून, एकदा कॉलरच्या माइकवरून. आवाज अर्ध्याच्या आत ठेवून तुम्हाला ग्राहकाचं बोलणं स्वच्छ कळतं का ते बघा. कळत नसेल तर मुदतीच्या आत खोकं बंद करून परत पाठवा, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. मग वरच्या किमतीचा विचार आपण नव्याने करू.